अर्धसूत्रीचे दोन भाग: कांदा हातात घेऊन समजून घे

भावा, अर्धसूत्री म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन. त्याच्या दोन भागांचा तक्ता पाठ करत बसू नकोस. मी केला, आणि परीक्षेत दोन्ही भागांतल्या पश्चावस्था (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात तो टप्पा) उलट्या लिहून आलो.

कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रं. पहिल्या भागात समजात (एक आईकडचं, एक बापाकडचं अशा सारख्या) गुणसूत्रांच्या जोड्या जुळतात, तुकड्यांची अदलाबदल होते, मग जोड्या फुटतात. गुणसूत्रबिंदू, म्हणजे दोन पदर जिथं जोडलेले असतात ती जागा, मात्र शाबूत. प्रत्येक पेशीत 8 उरली, पण दुपदरी. मध्ये डीएनए पुन्हा दुप्पट होत नाही, इथंच सगळे घसरतात! दुसऱ्या भागात बिंदू फुटतो, पदर सुटतात, 8 ची 8च. बरंचसं सूत्री विभाजनासारखंच, म्हणजे नेहमीच्या पेशीविभाजनासारखं.

प्रॅक्टिकलला पंचगंगेकाठच्या एखाद्या शेतातून कांद्याचा गोंडा (फुलांचा गुच्छ) आण. मिटलेली बारीक कळीच घे. उमललेल्या फुलात परागकण तयार झालेले असतात, म्हणजे अर्धसूत्री उरकलेली असते, मग काय दिसणार, कपाळ?