सोलो घ्यायच्या आधी

बाळ,

तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. सॅक्सोफोनवर बोटं छान पळतायत. बँडवाल्यांच्या घरात वाढलेली तू, दमसासाचं मी काय सांगणार! खाली विचारलंयस, ‘काका, जॅझमध्ये बंधन नसतं ना, मग माझं अडतंय कुठं?’ तुझ्या मागं मोबाईलवरचा साथीचा ट्रॅक वाजतोय आणि तुला त्याचा पत्ताच नाही, तिथं अडतंय. तो ट्रॅक मध्येच बंद पडला असता तरी तू हेच वाजवलं असतंस.

गंमत म्हणजे वरातीत तू असं कधीच वाजवत नाहीस. ताशानं लय चढवली की तूही चढतेस, नाचणारे रंगात आले की मुखडा परत घेतेस, ट्रम्पेटवाल्यानं मान हलवली की थांबतेस. ते सगळं ऐकणंच आहे. जॅझ म्हटलं की मात्र तुझे कान मिटतात, कारण आता आपण मोकळे झालो असं तुला वाटतं.

त्यामुळं वराती सोडायच्या म्हणतेस, ते डोक्यातून काढ. १९५१ च्या ‘अलबेला’मधलं ‘शोला जो भडके’ तुमच्या बँड पार्टीत अजून वाजतं. सी. रामचंद्रांच्या त्या गाण्यात चिक चॉकलेट आहे, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा गोव्याचा ट्रम्पेटवाला. म्हणजे जॅझ आपल्याकडं वरातीच्या वाटेनं केव्हाच आलंय, फक्त त्याला कुणी त्या नावानं हाक मारली नाही.

आता मुक्तपणाचं. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमननं १९६० मध्ये दोन चौकड्या एकदम बसवून जवळजवळ सदतीस मिनिटांचं सलग वादन रेकॉर्ड केलं आणि त्या रेकॉर्डचं नावच ‘फ्री जॅझ’ ठेवलं. त्यातसुद्धा प्रत्येकाच्या सोलोआधी, म्हणजे एकट्यानं पुढं येऊन वाजवण्याआधी, सगळ्यांनी मिळून वाजवायचे छोटे तुकडे आधीच ठरलेले होते, आणि एकाचा सोलो चालू असताना बाकीचे हात बांधून बसले नव्हते, उत्तरं देत होते. पहिल्यांदा ऐकलंस तर कल्लोळ वाटेल. वाटू दे. (आणि हो, नव्या सॅक्सोफोनचं खूळ सध्या बाजूला ठेव. या कोलमनकडं सुरुवातीला प्लास्टिकचा होता.)

‘आपल्या रागसंगीतात उपज असतेच, मग जॅझ काय अवघड?’ (उपज म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवणं) असं आपल्याकडं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. तू मिरजेची, सुरात वाज असं तुला सांगावं लागत नाही. पण तानपुरा लागला की सा ठरला, मग रात्रभर तो हलत नाही. इथं जॅझमध्ये खालचा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, बदलत राहतो. माझ्या कीबोर्डवर बसून करून बघ. सी हा सा मान आणि तोच एक सूर धरून ठेव. खाली सी मेजर आहे तोवर तो सा. एफ मेजर आला की तोच पंचम होतो, ए मायनर आला की कोमल गंधार, डी मायनर सेव्हन्थ आला की कोमल निषाद. तुझं बोट हललेलंच नाही, तरी सूर चार वेळा वेगळा झाला! हे कानाला कळेपर्यंत तुझ्या पळत्या बोटांचा काही उपयोग नाही. कळलं की मग एका सुरातही तुला करमेल.

तुझ्यासाठी दार मी शोधून ठेवलंय. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’ १९५९ मध्ये मार्च आणि एप्रिलच्या दोन बैठकांत रेकॉर्ड झालं. वादकांच्या हातात जेमतेम आराखडे होते. त्यातलं ‘सो व्हॉट’ ३२ बारचं आहे, एक बार म्हणजे चार मात्रा. पहिले १६ बार डी डोरियन (डी सुरापासूनची डोरियन नावाची स्वरमाला), पुढचे ८ अर्ध्या सुरानं वर, शेवटचे ८ परत खाली. डोरियनचे सूर म्हणजे आपला काफी थाट, त्यामुळं सुरुवातीला तुला काहीच परकं वाटणार नाही. सतराव्या बारला सगळं वर सरकतं. तिथं ऐकत नसलीस तर लगेच उघडी पडशील.

आधी सॅक्सोफोन पेटीतच राहू दे. टाळी धरून आवर्तनं मोज, बेस, म्हणजे खालच्या सुरांची साथ, गळ्यानं म्हण. ३२ बार न अडखळता मोजता आले की मग चार बारांत एकच सूर, कुठं ठेवायचा ते तू ठरव. माइल्स किती वेळ गप्प राहतो तेही बघ. त्या गप्प जागांत पियानो काय करतो, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय.

रियाजाला जागा नाही म्हणतेस. सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्सनं नाव झालेलं असताना १९५९ मध्ये कार्यक्रम थांबवले आणि १९६१ पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला. शेजारी गरोदर बाई राहत होती, तिला त्रास नको म्हणून. सांगलीच्या आयर्विन पुलावर जा असं मी म्हणत नाही, तिथं गर्दी जमेल आणि तू पुन्हा गर्दीसाठी वाजवशील. मामांच्या मळ्यात जा.

आणि एकदा सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन नुसती बस. जवारी काढताना, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती घोडी घासून नाद जुळवताना, कारागीर जरासं घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा जरासं घासतो. हात किती चालतो आणि कान किती, तेवढंच बघ. मध्ये प्रश्न विचारू नकोस, त्यांना ते आवडत नाही.

रविवारी दुपारी सांगलीला ये. ड्रमवाला ब्रश घेऊन येणार आहे, बेसला मी बसेन. पहिला तास तुला सोलो नाही, फक्त धून आणि साथ. सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड (पातळ पट्टी) दोन नंबरची आण, तीनची तुला अजून जड जाते. आईला सांग, जेवण इकडंच आहे.

तुझा,
काका