बाळ झालं, पण आनंद होत नाहीये?

अगं, बाळाला पाहून लगेच माया दाटून आली नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. माझं लेकरू तीन आठवड्यांचं असताना पहाटे त्याने माझं बोट घट्ट धरलं, आणि माझ्या मनात काहीच हललं नाही. किती घाबरले होते मी! माया सावकाश आली, पण आली.

बाळंतपणानंतर हार्मोन्स झपाट्याने उतरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून उगाच रडू येतं, चिडचिड होते. बहुतेकींचं हे 2 आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही उदास वाटत राहिलं, किंवा बाळ झोपलेलं असूनही तुला झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट सांग. बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे का हे बघायला ते 10 प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली भरून घेतील कदाचित. खरी उत्तरं दे. या नैराश्यावर उपचार आहेत, दूध पाजतानाही चालणारी औषधं आहेत. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, भास झाले, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

नवऱ्यालाही विचार हं. बापांनाही नैराश्य येतं, फक्त ते बोलत नाहीत. आणि आज रात्रीचं एक दूध त्याला पाजू दे, तू सलग चार तास झोप.