कळा एकीच्या, मूल कितीजणींचे?

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून कोथरूडला राहते. पाच महिन्यांपूर्वी आम्ही मुलगी दत्तक घेतली. ती आता आठ महिन्यांची आहे. सासूबाई तिला तेल लावतात, न्हाऊ घालतात, गुटी उगाळून मधातून चाटवतात, आणि रात्री ती रडली की माझ्याआधी त्याच उठून बसतात. पण उशिरा केलेल्या बारशात जमलेल्या बायकांसमोर त्या बोलून गेल्या, "कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही." तेव्हापासून मला आपण अर्धवट आई आहोत असे वाटते. हे खरे आहे का?

— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. आणि हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही.

पुण्याहून साताऱ्याला जाताना कापूरहोळ लागते. १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, तेव्हा सईबाईंची प्रकृती बरी नसल्याने बाळाला पाजण्यासाठी याच गावातील गाडे घराण्याच्या धाराऊ आल्या. सईबाई १६५९ मध्ये गेल्या. राजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते, आणि पुढे त्यांना आजीने, जिजाऊंनी, वाढवले. कळा एकीने सोसल्या, दूध दुसरीने पाजले, वळण तिसरीने लावले. यांतली अर्धवट कोणती, हे बारशाला आलेल्या बायकांना विचारायला हवे होते.

तुमच्या अधिक जवळचे उदाहरण शहरातलेच आहे. फसवल्या गेलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होता यावे, त्यांचे मूल जगावे, म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत दवाखाना चालवणारा हाच मुलगा होता. जात वेगळी, रक्त वेगळे. त्याने काय अडले? (काशीबाईंनाही मी यातून वगळत नाही. तुमच्या मुलीला जन्म देणारी बाई कोण होती हे कदाचित तुम्हाला कधीच कळणार नाही, पण मुलगी मोठी झाल्यावर तिच्याविषयी घरात आदरानेच बोलले जावे.)

आता सासूबाई. तुम्ही लिहिलेल्या ओळींत मला त्यांचे टोचणारे वाक्य जितके दिसले, तितकेच त्यांचे मध्यरात्री उठून बसणेही दिसले. या नातीसाठी त्यांनीही कळा सोसलेल्या नाहीत, तरी तिच्या रडण्याने त्यांची झोप मोडते. त्यांना निवांत वेळी त्यांच्या बाळंतपणाविषयी विचारा. बहुधा ते वाक्य त्यांनाही कोणीतरी ऐकवलेले असेल.

फक्त तो मध आजपासूनच बंद करा. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मात्र हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा; सुनेने सांगितले तर घरात आणखी एक वाद वाढेल.