'राठ' नाही, 'कुरळे'ही नाही

प्रश्न : अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या 'किंकी' केसांना मराठीत 'राठ कुरळे केस' म्हणावं का? इंग्रजी 'कर्ल' आपल्या 'कुरळ'वरूनच आला ना?

'राठ' आधी खोडा. भाषांतरांत हा शब्द वाचून वाचून कंटाळा आलाय. राठ म्हणजे जाडाभरडा, आणि हा केस नाजूक. त्याचा आडवा छेद चपटा, लंबगोल. मूळच वाकडं, म्हणून तो पीळ घेत वर येतो आणि टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही. कोरड्या केसात मुळापासून कंगवा ओढला की वळणावळणावर तुटतो. ओले करून, कंडिशनर लावून, रुंद दात्यांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत जावं लागतं.

आता 'कर्ल'. नाही, नाही आणि नाही! चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो 'क्रुल' होता, डच भाषेत अजूनही आहे. ध्वनी जुळतात म्हणून नाचू नका. संस्कृत 'क'च्या जागी इंग्रजीच्या कुळात 'ह' येतो : 'कः' (कोण) तिथे 'हू'. 'कुरळ'चं सख्खं भावंड तिकडे असतंच, तर ते 'ह'ने सुरू झालं असतं.

खरी गंमत दक्षिणेला आहे. कन्नडमध्ये 'कुरुळु' म्हणजे केसांची बट, आणि कपाळावर रुळणारी बट ती 'मुंगुरुळु' : 'मुन्' म्हणजे पुढे, त्याला 'कुरुळु' जोडला. काय देखणा शब्द! तमिळमध्येही 'कुरुळ्' आहे. संस्कृत कोशात 'कुरुल' सापडतो म्हणून तो मूळचा संस्कृत, असं सांगणाऱ्यांनी त्याचे नातलग संस्कृतच्याच कुळातल्या ग्रीक-लॅटिनमध्ये शोधून दाखवावेत. शब्द द्राविडी आहे; संस्कृताने तो घेतला आणि आपण शेजारधर्माने वापरतो.

असो, केस. अमेरिकी टीव्ही निवेदिका ओप्रा विन्फ्रीचे केशभूषाकार आंद्रे वॉकर यांच्या वर्गवारीत कुरळे केस तिसऱ्या गटात आणि किंकी चौथ्या, म्हणजे 'कुरळे'ने काम भागत नाही. माझं मत 'घट्ट पिळाचे केस'. आपली म्हणच आहे, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, आणि इथे ती शब्दशः खरी ठरते. सरळ केसांनाच 'चांगले केस' मानण्याच्या दडपणाखाली पिढ्यान्‌पिढ्या जो रिलॅक्सर (केस सरळ करणारं रसायन) लावला गेला, त्यात बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, सामू (pH) १२च्या वर, म्हणजे जहाल अल्कली. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं. पण मुळाशी उगवणारा केस पुन्हा पिळाचाच, म्हणून दर ६ ते ८ आठवड्यांनी फेरा. तोही फक्त नव्या वाढीवर. आधीच्या सरळ भागावर पुन्हा लागला तर केस तिथेच तुटतो. टाळूला आणि कानांना आधी पेट्रोलियम जेली फासली नाही, तर कातडी भाजते.

जाता जाता : २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने 'क्राउन' कायदा करून नोकरीत आणि शाळेत अशा केसांवरून भेदभाव करायला मनाई केली. त्यात 'ब्रेड्स, लॉक्स, ट्विस्ट्स' अशी तीन नावं आहेत. सरसकट 'वेण्या' लिहू नका. ब्रेड ही तिपेडी वेणी. ट्विस्टमध्ये दोनच पेड एकमेकांभोवती गुंडाळतात, त्याला दोनपेडी म्हणा. 'पीळ' म्हटलंत तर वरच्या पिळाशी घोटाळा होईल. लॉक्सना 'जटा' चालेल, पण 'जट' नको. जट न विंचरल्याने आपोआप धरते. लॉक्स भाग पाडून, एकेक वळून धरवतात आणि नियमित धुतात.