ईमेलने आलेली एक्सेल फाईल नुसती उघडली तरी व्हायरस येतो का?

तुम्ही विचारलंय की मेलमधून आलेली वर्ड-एक्सेलची फाईल उघडली की लगेच व्हायरस लागतो का, आणि अँटिव्हायरस असताना वेगळी काळजी कशाला.

नुसती उघडून सहसा काही होत नाही. बाहेरून आलेली फाईल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडते, वर पिवळी पट्टी येते. तेव्हा ती फक्त वाचता येते, मॅक्रो (फाईलमध्येच दडवलेला छोटा प्रोग्राम) चालत नाही. घोळ होतो मॅक्रो चालू करणाऱ्या पुढच्या क्लिकला. सपोर्टच्या कामात अशा फाईली माझ्याकडे नेहमी येतात. आतलं बिल मुद्दाम धूसर केलेलं, आणि वर ठळक अक्षरात ‘मजकूर नीट दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’. खऱ्या बिलाला असं काही सांगावं लागत नाही. कुठलं बटण दाबायचं ते फाईलच शिकवायला लागली, की ती सरळ डिलीट करा.

पाठवणारा ओळखीचा आहे, यावर विसंबू नका. १९९९ साली मेलिसा नावाचा वर्डचा मॅक्रो व्हायरस आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःच मेल पाठवायचा, तोही ओळखीच्याच नावाने. शंका आली तर फोन करून विचारा. त्याच मेलला उत्तर देऊन विचारू नका, खातं हॅक झालं असेल तर ‘हो, मीच पाठवलंय’ असंही उत्तर येईल!

२०२२पासून नेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवतं. पट्टी लाल असते आणि चालू करायचं बटणच नसतं. मग भामटे ‘प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करा’ असं सांगतात. तेही करू नका.

वर ‘सहसा’ म्हटलं त्याला कारण आहे. त्याच वर्षी सापडलेल्या फॉलिना नावाच्या त्रुटीला मॅक्रो लागतच नव्हता. काही फाईलींच्या बाबतीत तर प्रिव्ह्यू पाहणंही पुरेसं होतं. अशा वेळी अपडेटच वाचवतं, म्हणून विंडोज आणि ऑफिसचं अपडेट ‘नंतर’वर ढकलत बसू नका. क्रॅक केलेलं ऑफिस असेल तर आधी ते काढा. त्याचा अॅक्टिव्हेटर (लायसन्स नसताना ऑफिस चालू करून देणारा प्रोग्राम) चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, मग तो असून काय उपयोग? फुकटच हवं असेल तर लिब्रेऑफिस आहे की.

बटण दाबून झालंच असेल तर वायफाय बंद करा, केबल काढा, आयटीवाल्यांना लगेच कळवा आणि पासवर्ड दुसऱ्या डिव्हाइसवरून बदला.