गाव सोडून शहरात जावं का? घरचे नको म्हणतात, मित्र मात्र तिथे दुप्पट कमावतो.

जा. मी स्वतः बाविसाव्या वर्षी गाव सोडलं आणि आजही तो निर्णय मला बरोबरच वाटतो. फक्त मित्राच्या पगाराचा आकडा ऐकून निघू नका, कारण मी नेमकं तेच केलं होतं.

पगार मिळतो काम असेल त्या महिन्यांचा, खोलीचं भाडं मात्र बाराही महिने द्यावं लागतं. पहिल्या वर्षी माझे पाच महिने रिकामे गेले. हॅरिस आणि टोडारो या अर्थतज्ज्ञांनी १९७० साली हाच हिशोब मांडला होता: शहरातला पगार गुणिले तिथे काम मिळण्याची शक्यता. गावात वर्षाला १०० मिळतात आणि शहरात २००, पण काम निम्मंच वर्ष मिळालं, तर हातात १००च येतात. भाडं त्यातूनच जातं.

घरच्यांशी भांडून निघू नका, हे मी फार कळकळीने सांगतोय. मी तसाच निघालो होतो. त्यामुळे रिकाम्या महिन्यांत घरी खोटं बोललो, उसने घेऊन पैसे पाठवले आणि ते कर्ज फेडण्यात पुढचं वर्ष गेलं. खरं तर एकाने बाहेर पडणं ही घरासाठीही सोय असते. पाऊस दगा देतो तेव्हा शहरातली कमाई उपयोगी पडते, शहरातलं काम सुटतं तेव्हा घरची शेती सांभाळून घेते. स्टार्क आणि ब्लूम या अर्थतज्ज्ञांनी १९८५ मध्ये स्थलांतराकडे असंच, सगळ्या कुटुंबाचा निर्णय म्हणून पाहिलं. वडिलांशी या भाषेत बोलून बघा. किती पाठवणार आणि पहिले किती महिने काहीच पाठवता येणार नाही, तेही आधीच ठरवा.

मित्राकडे उतरायला हरकत नाही, पण कामासाठी त्याच्या एकट्यावर विसंबू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. जिवलग मित्राला बहुतेक आपल्याला माहीत असतं तेवढंच माहीत असतं. माझं पहिलं टिकाऊ काम मला शेजारच्या खोलीतल्या माणसाने सांगितलं. आमचं जिन्यात भेटलो तर दोन शब्द, एवढंच बोलणं होतं.

जमीन विकून जाऊ नका. तीन महिन्यांचा खर्च आणि परतीचं भाडं बाजूला ठेवा. परत यावं लागलं तर त्यात लाज कसली? रॅव्हेन्स्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ सालीच नोंदवलंय की स्थलांतराच्या प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतोच. माझ्याबरोबर आलेले दोघे परतले आणि शहरात शिकलेल्या वेल्डिंगवर आज गावातच त्यांचं चांगलं चाललंय.

मित्राला पुन्हा फोन कराल तेव्हा एवढं विचारा: गेल्या बारा महिन्यांत काम किती महिने होतं, आणि भाडं देऊन हातात किती उरलं?