दोन्ही हातांना सारखाच जोर लावतोय, मग ट्रे का कलतो?

‘मॅडम, मी दोन्ही हातांनी अगदी सारखं धरतो. तरी खाली बघतो तर ट्रे डावीकडे कललेला. माझ्या मेंदूत तर काही बिघडलं नसेल ना?’

हाताच्या दुखापतीतून उठलेल्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो, पण तो डॉक्टरांपुढे सहसा विचारला जात नाही. मला तो एका तरुण वडिलांनी विचारला. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. त्यांचं डावं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, नसा तपासून झाल्या, फिजिओथेरपी सुरू होती. पण त्यांनी आपल्या काही महिन्यांच्या मुलीला उचलणंच बंद केलं होतं. बायकोला सांगायचे, पाठ दुखतेय. खरी भीती ट्रेची होती: कप घसरला तसं बाळ घसरलं तर?

तपासण्या झाल्या आहेत याची मी आधी खात्री करून घेतली. एका हातातली ताकद अचानक गेली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा बोलताना जीभ अडखळू लागली, तर माझ्यासारखीकडे यायचंच नाही, तडक रुग्णालय गाठायचं. यांच्या बाबतीत तसं काहीच नव्हतं.

मी टेबलावर दोन वजनकाटे ठेवले. डोळे मिटून दोन्ही तळहातांनी सारखंच दाबा, म्हटलं. ‘झालं सारखं,’ ते म्हणाले. डोळे उघडले तर डाव्या काट्यावरचा आकडा बराच कमी. त्यांचा चेहरा उतरला. ‘बघा, हा हात खोटं बोलतो.’

हात खोटं बोलत नव्हता. आपण किती जोर लावतोय हे आपल्याला दोन वाटांनी कळतं. स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) यांच्यातले संवेदक ताण किती आहे ते मेंदूला कळवतात. दुसरीकडे, मेंदूने स्नायूला किती मोठा हुकूम सोडला याचा त्याला स्वतःलाही अंदाज असतो. या दुसऱ्या जाणिवेला आपण ‘कष्ट पडले’ म्हणतो, आणि वजन हाताला किती जड वाटतं हे बरंचसं तिच्यावर ठरतं. १९७४ मध्ये संशोधक मॅक्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगातून मांडलं: एक हात थकवला की त्यातलं तेच वजन जास्त जड वाटतं. प्लास्टरमध्ये राहून बारीक झालेल्या स्नायूचंही तसंच होतं. हुकूम दोन्हीकडे सारखा जातो, काम मात्र अशक्त हाताकडून कमी होतं. म्हणजे ते खरोखरच सारखे कष्ट घेत होते, फक्त जोर सारखा उमटत नव्हता.

त्यांना हे पटलं, पण भीती गेली नाही. म्हणून पुढची चाचणी केली, आणि तीच मला सगळ्यात मोलाची वाटते. डाव्या तळहातावर जाड पुस्तक ठेवायला सांगितलं आणि मी ते चटकन उचललं. हात वर उसळला. मग तेच पुस्तक त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताने उचललं. डावा हात जवळपास जागचा हलला नाही. उजवा हात भार काढणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे डाव्या हाताचे स्नायू त्याच क्षणी सैल केले जातात. सांगून, ठरवून हे जमत नाही. ‘तुमच्या दोन हातांमधलं बोलणं शाबूत आहे,’ मी म्हटलं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मी थांबवलं नाही.

जाता जाता त्यांनी विचारलं, एका हाताने गोल आणि दुसऱ्याने चौकोन काढता येत नाही, तेही याच्यामुळेच का? नाही, ते बहुतेकांना जमत नाही. मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूल उपचारासाठी कापलेल्या लोकांना मात्र अशा दोन वेगळ्या आकृत्या एकदम काढताना आपल्यासारखा गोंधळ होत नाही, असं १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं. आकृत्यांची ती सरमिसळ म्हणजे पूल चालू असल्याची खूणच.

खरा धोका वेगळाच होता. भीतीपोटी डावा हात वापरायचा नाही, म्हणून तो आणखी अशक्त, म्हणून भीती आणखी मोठी. व्यायाम फिजिओथेरपिस्टने ठरवले. मी दोन गोष्टी सांगितल्या. ट्रे धरताना ‘डावा किती, उजवा किती’ असं मोजत बसू नका, नजर ट्रेच्या काठावर ठेवा. लक्ष हातांवरून वस्तूवर गेलं की हालचाल बहुधा सुधारते. आणि बाळ ट्रेसारखं तळहातांवर तोलायचं नसतं. ते छातीशी, पुढच्या बाहूंवर येतं, तिथे खांदा आणि कोपराचे मोठे स्नायू कामाला लागतात. आधी उशी, मग वजनाची पिशवी, मग पलंगावर बसून मुलगी. शेजारी बायको हवी, आणि त्यासाठी तिला खरं कारण सांगायला हवं. हे सांगणं त्यांना व्यायामापेक्षा जड गेलं.

मुलगी कडेवर यायला लागली. नंतर एकदा घाबरून त्यांचा फोन आला: संध्याकाळी ट्रे पुन्हा कलला. दिवसभर काय केलं ते विचारलं, तर घरातलं सामान हलवलं होतं. थकलेला हात अशक्त हातासारखाच वागतो, हे मी पुन्हा समजावलं. रात्री विश्रांती घ्या, सकाळी बघा, आणि सकाळीही तसंच वाटलं किंवा बोटांत मुंग्या, बधिरपणा आला तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका, एवढं बजावून फोन ठेवला.